पांढरी चार की काळी एक?

हेडफोन असतील तर लावा, कारण आज मधेमधे क्लिप आहेत. जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी क्लिप कुठे येते ते कंसात लिहिलंय.

आजचा विषय एक पियानोचा ट्रॅक आहे. तीन मिनिटं दहा सेकंदांचा. गाणं नाही, तबला नाही, मागे काही नाही, फक्त पियानो. तो अपलोड करताना फॉर्ममध्ये तीन रकाने आले : टेम्पो, की, मूड. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. मला तीन आठवडे लागले.

आधी थोडं घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव चौसाळा. बीडहून सोलापूरकडे निघालात की मांजरसुंब्यानंतर लागतं, हायवेवरच. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. शिकलेले नाहीत, कुणाच्या तरी मागे बसून बसून आलेली पेटी. पण एकादशीला रात्री अकराला सुरू झालेलं भजन पहाटेपर्यंत ओढायचं म्हटलं की आण्णा लागायचेच.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू. बोलणं शाबूत राहिलं, पाय हळूहळू आला, पण डावा हात अजून कोपरापासून खाली नुसता पडून असतो. आता पेटी कशी वाजते ते ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना लगेच कळेल. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर. म्हणजे ज्या हातात कला होती तो चांगला आहे आणि जो नुसता हवा मारायचा तो गेला. आणि हवा नाही तर पेटी म्हणजे लाकडाचं खोकं.

भाता मारायला दुसरा माणूस बसवू, असं मी म्हटलं. आई म्हणाली, कोण बसणार? दिवाळी झाली की मंडळातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. उरलेली म्हातारी. आणि दुसऱ्यानं भाता मारायचा म्हणजे दुसऱ्याच्या श्वासावर गायचं. एकदा करून बघितलं. आण्णांनी दोन ओळींत पेटी झाकली.

मग मी पुण्यात एक सेकंडहँड कीबोर्ड घेतला, एकसष्ट पट्ट्यांचा, आणि गावी नेला. भाताच नाही, विजेवर चालतो, उजवा हात पुरे. घरात सगळे खूश. आण्णांनी त्यातला पेटीचा आवाज लावायला सांगितला, चार सूर दाबले आणि म्हणाले, "ही पेटी न्हाई, पेटीचा भोंगा हाय. दुसरं लाव कायतरी." बासरी नको, व्हायोलिन नको, करत करत पियानोवर थांबले.

पण पियानोत एक गोष्ट त्यांना खटकली आणि ती अगदी मुळातली आहे. पेटीचा सूर जोवर भाता आहे तोवर उभा राहतो. पियानोत तारेवर हातोडी पडते आणि त्या क्षणापासून सूर मरायला लागतो. कीबोर्डवर तो नमुन्यातून येतो, पण मरतो तसाच. आण्णा म्हणाले, "सूर थांबंना की रं." पायाचं सस्टेन पेडल आहे, पण ते दाबून ठेवलं की आधीचे सूर पुढच्यात मिसळतात आणि खिचडी होते. त्यामुळे पेटीवर ज्या लयीत ते आरामात बसायचे, त्या लयीत पियानोवर दोन सुरांच्या मधे खड्डे पडायला लागले.

इथे एक छोटी गंमत. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी घातली होती. ती उठायला सुरुवात झाली 1971 मध्ये. मोठा आक्षेप हा की पेटीत मींड येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि सूरही ठरीव असतात. पियानोला हे दोन्ही दोष आहेत आणि वर सूरही टिकत नाही. म्हणजे रेडिओवाल्यांनी जिला नापास केलं, त्या पेटीनंही नापास करावं असं हे वाद्य. आणि आण्णा त्याच्यावर भैरवी वाजवायला बसले होते.

खड्डे भरायला मी बसलो. त्यांच्या डाव्या बाजूला, त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून. उजवा हात त्यांचा, डावा माझा. मला पियानो येत नाही. इंजिनीअरिंगला असताना युट्यूबवर चार कॉर्ड शिकलो होतो तेवढंच. पण डाव्या हाताला तेवढं पुरतं असं मला वाटलं.

धून कुठल्या अभंगाची नाही. भजन संपताना, आरतीच्या आधी, आण्णा एकटेच थोडा वेळ भैरवी वाजवायचे, तीच. लहानपणी त्या धुनेवर मी कितीदा तरी झोपलोय.

(क्लिप 1 : पहिलं रेकॉर्डिंग, सुरुवातीचे तीस सेकंद)

ऐकलंत? मागे ट्रक जातोय तो सोडून द्या, हायवे आहे. मिडीची केबल पुण्यातच विसरलो होतो, म्हणून हे सरळ फोनवर रेकॉर्ड केलंय.

पुण्यात आल्यावर फॉर्म उघडला. टेम्पो, की, मूड. मी एक पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली. हल्ली हे सोपं आहे, लायब्ररी तयार मिळतात. फाईल दिली, उत्तर आलं : टेम्पो 136. की, डी फ्लॅट मेजर.

136 म्हणजे नाचायचं गाणं. ऐकलंत ना तुम्ही? याच्यावर कोण नाचेल?

टेम्पोचं कोडं लवकर सुटलं. बीट शोधणारा प्रोग्रॅम आवाजातले ठोके मोजतो आणि कुठल्या अंतरानं ते परत परत येतात ते बघतो. पण 68 आणि 136 यांत फरक कसा करणार? दर ठोक्याच्या मधे अजून एक ठोका असला तर दोन्ही उत्तरं बसतात. म्हणून त्याला आधीच एक अंदाज दिलेला असतो. मी वापरलेल्या लायब्ररीत तो 120 आहे, डीफॉल्ट. मी तो बदलला नव्हता. 136 हे 120 च्या जवळ, 68 लांब. झालं, त्यानं 136 निवडलं. या क्षेत्रात या चुकीला नावच आहे, ऑक्टेव्ह एरर : बरोबर दुप्पट नाहीतर बरोबर निम्मं.

पण मधला तो जास्तीचा ठोका आला कुठून? आण्णांनी तर वाजवला नव्हता. तो माझा होता. खड्डे भरायच्या नादात मी कॉर्ड तोडून वाजवत होतो, एका मात्रेत दोन टोले, ढिंग-टिंग, ढिंग-टिंग. म्हणजे स्क्रिप्टनं खोटं सांगितलं नव्हतं. तिला माझा डावा हात ऐकू आला होता.

आता की. आपल्याकडे याला पट्टी म्हणतात आणि आमच्या मंडळात कुणी सी, डी, ई म्हणत नाही. पेटीवर बोट ठेवून बोलतात : पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ. तरुणपणी आण्णांचं मंडळ काळी चारमध्ये गायचं. ती पट्टी पुरुषांसाठी चांगलीच उंच आहे, पण वारकरी भजनात आवाज वरच लावतात. आजारानंतर आण्णा वाजवता वाजवता गुणगुणतात तेवढंच, आणि तेही काळी चारमध्ये जमत नाही, दम पुरत नाही. म्हणून तीन पट्ट्या खाली येऊन पांढरी चार धरलीय. ट्रान्सपोजचं बटण मी दाखवलं होतं, म्हणजे बोटं काळी चारचीच आणि आवाज खालचा. ते त्यांना पटलं नाही. "बोट एकीकडं आन् सूर दुसरीकडं, हे काय सोंग हाय?"

तर सा आहे पांढरी चार. आणि स्क्रिप्ट म्हणतेय डी फ्लॅट मेजर, म्हणजे काळी एक.

मी फोन लावला. "आण्णा, मशीन म्हणतंय तुमची पट्टी काळी एक आहे."

"मशीनला म्हणावं इकडं ये."

आता जरा डोकं लावा, कारण हे मला फार आवडलंय. भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. पांढरी चारला सा धरून भैरवी वाजवली तर कुठल्या पट्ट्या लागतात? सा पांढरी चार, कोमल रे काळी तीन, कोमल ग काळी चार, म काळी पाच, प पांढरी एक, कोमल ध काळी एक, कोमल नी काळी दोन. म्हणजे पाचच्या पाच काळ्या आणि दोनच पांढऱ्या. कीबोर्ड जवळ असेल तर करून बघा. आता ह्याच सात पट्ट्या, एकही न बदलता, काळी एकला सा धरून वाजवा. सगळे स्वर शुद्ध येतात. बिलावल. पाश्चात्त्यांचा मेजर स्केल.

आपल्या संगीतात ह्याला मूर्च्छना म्हणतात : स्वर तेच, सा हलवला की राग वेगळा. भैरवीच्या कोमल धैवतावर जाऊन बसलात की बिलावल.

आणि माझ्या स्क्रिप्टकडे पर्याय होते फक्त चोवीस. बारा मेजर, बारा मायनर. त्यामागे आकड्यांचे दोन तक्ते आहेत, 1982 साली क्रुमहान्सल आणि केसलर यांनी लोकांना सूर ऐकवून, कुठला सूर कुठल्या पट्टीत किती बसतो हे विचारून काढलेले. ट्रॅकमध्ये कुठला सूर किती वेळ वाजला ते मोजायचं आणि ज्या तक्त्याशी जुळेल ती पट्टी. त्या चोवीसांत भैरवी नाहीच. बारा मेजरांपैकी तिच्या सात स्वरांना जसंच्या तसं घर मिळतं ते एकच, डी फ्लॅट मेजर. स्पॉटिफायवाले गाण्यांचे जे आकडे ठेवत आले, त्यातही पट्टीला 0 ते 11 आणि मोडला 0 नाहीतर 1. मायनर नाहीतर मेजर. तिसरं खातं नाही.

इथपर्यंत मी जाम खूश होतो. मनात एपिसोड तयार होता : पाश्चात्त्य सॉफ्टवेअरला आपला राग कळत नाही, टाळ्या. ऑफिसात दोघांना सांगूनही झालं होतं.

पुढच्या शनिवारी गावी गेलो आणि आण्णांना हे सगळं कौतुकानं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ते रेकॉर्डिंग लाव परत." लावलं. अर्धा मिनिट ऐकलं. "तू खाली काय वाजवायलास?"

मी माझा कॉर्ड दाबून दाखवला. काळी एक, पांढरी चार, काळी चार. छान भरल्यासारखा वाटतो, सिनेमातला वाटतो, म्हणून मी दर दुसऱ्या ओळीला त्याच्यावरच येऊन बसत होतो.

"सगळ्यात खालचा सूर कुठला?"

काळी एक.

"मग मशीन काय चूक सांगायलं? सा तर तूच हलवलास."

मंडळी, तो कॉर्ड म्हणजेच डी फ्लॅट मेजर. आण्णा वर भैरवी वाजवत होते आणि मी खालून त्यांच्या पायाखालची जमीन चार पट्ट्या सरकवून कोमल धैवतावर नेली होती. प्रोग्रॅमिंगमध्ये ह्याला आम्ही काय म्हणतो ते सांगायला नको. तीन दिवस सर्व्हरला शिव्या घालायच्या आणि बग निघतो आपल्याच फंक्शनमध्ये.

मला वाईट वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. तीन आठवडे ते ह्या कॉर्डवर वाजवत होते आणि बोलले नव्हते. विचारलं, का नाही सांगितलंत? म्हणाले, "तू येऊन बसायलास, त्येच लई झालं म्हणलं."

ह्यावर मी काही बोललो नाही, आत्ताही बोलत नाही.

दुसरं रेकॉर्डिंग त्याच रात्री केलं. ह्यावेळी डाव्या हाताला दोनच सूर : खाली सा, वर प. पांढरी चार आणि पांढरी एक. तंबोऱ्यासारखे. सूर मरायच्या आत पुन्हा लावायचे, बाकी काही करायचं नाही. मी मेट्रोनोम ॲप सुरू केलं तर म्हणाले, "ती टिकटिक बंद कर, दवाखान्यात असल्यागत वाटतंय." मग लय कुठून घ्यायची? त्यांच्या उजव्या खांद्याकडे बघून. समेच्या आधी तो किंचित उचलतो. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, कारण मी कधी त्यांच्या शेजारी बसलोच नव्हतो, समोर बसायचो.

(क्लिप 2 : दुसरं रेकॉर्डिंग, मधला भाग)

फरक कळला? खड्डे आहेतच, पण आता ते खड्डे वाटत नाहीत, मला तरी. दोन सुरांमधे खालचा सा येतो आणि वरचा सूर संपला तरी चालतो.

हे स्क्रिप्टला दिलं. की : एफ मायनर. म्हणजे सा सापडला! पांढरी चार. पूर्ण बरोबर नाही, एफ मायनरमध्ये रे शुद्ध असतो, आपला कोमल आहे. सातातले सहा जुळले. दोनच खाती असताना ह्याहून जास्त ती बिचारी काय करणार.

टेम्पो मात्र ह्यावेळी मी स्वतः मोजला, बोटानं, फोनवर टॅप करून. सुरुवातीला 62. शेवटी 74. ट्रॅकला एक टेम्पो नाहीच. भजन ज्यांनी ऐकलंय त्यांना ह्यात नवल नाही, लय चढत जाते, ती चढलीच पाहिजे. पण फॉर्मच्या रकान्यात एकच आकडा बसतो. मी 66 लिहिलं. मधलं कुठलंतरी.

राहिला मूड.

फॉर्ममध्ये यादी होती : हॅपी, सॅड, रोमँटिक, डार्क, काम, ड्रॅमॅटिक, असं बरंच. पहिल्या रेकॉर्डिंगला मेजर आणि 136 धरलं असतं तर ठोकताळ्यानं हॅपी. दुसऱ्याला मायनर आणि 66, म्हणजे सॅड. एकच धून, एकच माणूस. ह्या ठोकताळ्यावर फार जाऊ नका. एरिक सातीची जिम्नोपेदी नंबर एक शोधून ऐका, 1888 ची आहे, एकट्या पियानोची. डी मेजरमध्ये आहे, आपल्या भाषेत पांढरी दोन. आणि वर सातीनं स्वतः फ्रेंचमध्ये सूचना लिहिलीय की संथ आणि व्यथित वाजवा. मेजर असून.

खरं सांगतो, मी सॅड निवडलं होतं. बोट सबमिटवर होतं. माझ्या डोळ्यासमोर काय होतं? पडलेला हात, रिकामं मंडळ, झाकलेली पेटी. पण मग वाटलं, वाजवणाऱ्याला विचारू तरी.

फोनवर विचारलं, "आण्णा, हे वाजवताना तुम्हाला काय वाटतं? दुःख होतं का?"

"दुःख कशाचं?"

"म्हणजे... भैरवी आहे ना."

"आरं, भैरवी म्हंजी सतरंजी गुंडाळायची येळ. रातभर गायलं, आता चहा होनार, घरला जायाचं. त्यात रडायचं काय हाय?"

मी यादी वाचून दाखवली, मराठी करून. आनंदी? "न्हाई." दुःखी? "न्हाई म्हणलं ना." शांत? थोडा वेळ थांबले. "जवळ हाय. पर शांत म्हंजी काय न्हाई केल्यावानी. हे समदं करून झाल्यावरचं हाय."

ह्यावरून एक अभ्यास आठवला. 1999 साली टोरंटोतल्या बाल्कविल आणि थॉम्प्सन ह्या संशोधकांनी आपल्या रागांची रेकॉर्डिंग पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवली. त्यांना राग म्हणजे काय ते माहीत नाही. विचारलं, ह्यात भावना कुठली आहे : आनंद, दुःख, राग की शांती? गंमत म्हणजे पहिल्या तीन त्यांना बऱ्यापैकी ओळखता आल्या, आणि त्यात लयीची मोठी मदत झाली. जलद म्हणजे आनंद, संथ म्हणजे दुःख, असं. शांती मात्र तशी हाती लागली नाही. वाचलं तेव्हा हसलो होतो. आता कळलं, मी चौसाळ्याचा असून त्याच रांगेत उभा होतो. संथ ऐकलं, दुःख लिहिलं.

अजून एक रकाना राहिला होता. प्रकार : सोलो पियानो. आण्णांनी विचारलं सोलो म्हंजी काय. म्हटलं, एकट्यानं वाजवलेलं. "मग हे न्हाई सोलो," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. नियमानं ते सोलोच आहे, एक वाद्य, दोन हात. पण कलाकाराच्या जागी मी दोन नावं टाकली आणि साईटनं ती घेतलीही.

मूडचा रकाना मी मोकळा सोडलाय. तो भरलाच पाहिजे असं नव्हतं, तिथे लाल चांदणी नव्हती, हे मला तीन आठवड्यांनी दिसलं.

एवढ्यात ऊसतोडीची माणसं परत आली. परवाच्या एकादशीला मंडळाचे दोघं घरी येऊन विचारून गेले की ते विजेवरचं देवळात आणता का. आण्णा म्हणाले, बघू, पोरगा रिकामा असला तर. म्हणजे मला सुट्टी टाकायचीय.

तर आता पूर्ण ट्रॅक लावतो. शेवटी कुत्रं भुंकतं ते काढलेलं नाही. भेटू पुढच्या भागात.

(क्लिप 3 : पूर्ण ट्रॅक, तीन मिनिटं दहा सेकंद)